खाज कुत्र्याची, परीक्षा घराची

उन्हाळा तापू लागला की जळगाव-धुळ्यात माणसे सावली शोधतात आणि कुत्री थंड फरशी. पारा ४५ अंशांकडे सरकत असतो. अशा दिवसांत घरचे कुत्रे सारखे पंजे चाटू लागले, कान खाजवू लागले, पोटावर लाल चट्टे दिसू लागले, की घरात निदान तयारच असते : 'उष्णता झाली.' मग चिकन बंद होते, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ सुरू होते. आठ दिवसांत फरक पडला नाही की एक इंजेक्शन. इंजेक्शनने खाज थांबते, काही दिवसांनी परत येते. पुन्हा इंजेक्शन. वर्षभर हेच चक्र चालते. शेवटी केस गेलेले, अंगाला वास येणारे ते कुत्रे शेतावर राखणीला पाठवले जाते, नाहीतर एखाद्या रात्री हायवेलगत सोडून दिले जाते.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट निसटते. चिकन बंद झाल्यावर कुत्र्याच्या भांड्यात येते ती दूध-पोळी, आणि अंग थंड पडावे म्हणून वर ताक. त्या कुत्र्याला दुधाचीच ॲलर्जी असेल, तर उपचाराच्या नावाखाली घरच्यांनी रोगाचे कारणच वाढवलेले असते. 'उष्ण' आणि 'थंड' ही वाटणी माणसाच्या आहारविचारातली. कुत्र्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते ती मुख्यतः प्रथिने.

ॲलर्जीच्या शास्त्राचा आणि कुत्र्याचा संबंध जुना आहे. १९०२ मध्ये चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफूल या सागरी प्राण्याच्या विषाचा प्रयोग कुत्र्यांवर केला. पहिला डोस सहन केलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष थोड्या मात्रेत पुन्हा दिले, तेव्हा ते थोड्याच वेळात दगावले. पहिल्या भेटीने शरीर कणखर होण्याऐवजी अतिसंवेदनशील झाले होते. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. कुत्र्याच्या त्वचेची अन्नॲलर्जी इतकी झटपट नसते, ती बहुधा सावकाश चालते. पण मूळ धडा तोच. शरीर ज्या पदार्थाला आधी भेटले आहे, त्याच्याचविरुद्ध ते उठते. त्यामुळे 'हा तर लहानपणापासून दूध-पोळीच खातो, त्याने कसे होईल?' हा घरोघरचा युक्तिवाद उलटा आहे. रोज खाल्लेला पदार्थच पहिला संशयित असतो.

मग संशयित कोण कोण? तीन त्वचारोगतज्ज्ञ पशुवैद्यांनी २०१६ मध्ये जुन्या अभ्यासांची छाननी करून, अन्नामुळे त्वचेचा त्रास झालेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली. त्यांत गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के अशी कारणे निघाली. हे आकडे परदेशातले आहेत आणि तिथल्या कुत्र्यांच्या खाण्यावर अवलंबून आहेत. गोमांसाचा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक घरांत येत नाही. पण उरलेले तिघे पाहा : दूध, कोंबडी, गहू. खान्देशातल्या पाळीव कुत्र्याच्या भांड्यात दुपारी दूध-पोळी, रविवारी चिकन आणि सकाळी चहाबरोबर ग्लुकोज बिस्किट असते. बिस्किटात मैदाही आला आणि दुधाचा अंशही. पाकिटातले कोरडे खाद्य दिले, तरी त्यात बहुधा कोंबडी आणि गहू असतातच. म्हणून एका कंपनीचे पाकीट सोडून दुसऱ्या कंपनीचे आणल्याने खाज जात नाही. नाव बदलते, प्रथिन तेच राहते.

मात्र प्रत्येक खाज अन्नाची नसते, हे आधी सांगायला हवे. खाज हेच मुख्य लक्षण असलेल्या कुत्र्यांपैकी अन्नाचा वाटा वेगवेगळ्या अभ्यासांत ९ ते ४० टक्के आढळला आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक कुत्र्यांत कारण दुसरेच असते. आपल्या हवेत पहिले नाव घ्यावे लागते गोचिडांचे आणि पिसवांचे. तपकिरी गोचीड घराच्या भिंतीच्या भेगांत, खाटेखाली, गोणपाटात वस्ती करते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या त्यांतल्या थोड्याच. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात. मग येते खरूज, बुरशी, आणि धुळीतल्या सूक्ष्म किडींची किंवा परागकणांची ॲलर्जी. यांपैकी परागकणांची खाज ऋतूनुसार कमी-जास्त होते. अन्नाची खाज बारमाही असते. कान पुन्हा पुन्हा वाहणे, पंजे व गुदद्वाराजवळची जागा सतत चाटणे, जोडीला पातळ शौच किंवा वायू, आणि हे सारे अनेकदा कुत्रे एक वर्षाचे होण्याआधीच सुरू झालेले असणे, ही अन्नाकडे बोट दाखवणारी चिन्हे आहेत. पण ती फक्त बोट दाखवतात, शिक्कामोर्तब करत नाहीत.

शिक्कामोर्तब करणारी रक्ताची तपासणीही नाही. कुत्र्याचे रक्त, लाळ किंवा केस पाठवून 'कोणत्या अन्नाची ॲलर्जी' याची यादी देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. अन्नॲलर्जीच्या निदानासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. भरवशाची चाचणी एकच, आणि ती घरच्या भांड्यात होते. तिला वर्ज्य-आहार चाचणी म्हणता येईल. कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा आणि आठ आठवडे त्याखेरीज काहीही द्यायचे नाही. दूध-पोळी आणि चिकनवर वाढलेल्या कुत्र्यासाठी काटे काढलेला मासा आणि रताळे, किंवा बोकडाचे मटण आणि बटाटा अशी जोडी असू शकते. भात कधी खाल्ला नसेल तर भातही चालेल. ज्वारीची भाकरी चालेल, पण कळण्याची नको. तिच्यात ज्वारीबरोबर उडीदही असतात आणि चाचणीत पदार्थ जितके कमी तितके बरे. जोडी कोणती आणि प्रमाण किती, हे कुत्र्याचा आजवरचा आहार लिहून काढून पशुवैद्यकांबरोबर ठरवावे. घरात मांस शिजत नसेल, तर प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेले खास औषधी खाद्य मिळते. ते महाग आहे, पण एरवीच्या इंजेक्शनांचा वर्षाचा हिशेब मांडून मग त्याची किंमत जोखावी.

आठ आठवडे का? कारण सुजलेली त्वचा शांत व्हायला वेळ लागतो. पाच आठवड्यांत सुमारे ८० टक्के अन्नॲलर्जी असलेल्या कुत्र्यांत सुधारणा दिसते, आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत. पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून चाचणी सोडणारे घर नेमके निकालाच्या आधीच परीक्षेतून उठून जाते.

आणि ही परीक्षा कुत्र्याची कमी, घराची जास्त असते. आजी पोळीचा पहिला तुकडा त्याच्यासाठी काढून ठेवते. शेजारची मुले बिस्किट टाकतात. गोळी गिळावी म्हणून ती पेढ्यात भरली जाते. गोचिडांसाठीच्या चघळायच्या गोळीलाही मांसाचा स्वाद असू शकतो. यांतला एक घासही आठवड्यांची मेहनत पुसून टाकू शकतो. म्हणून भांड्याशेजारी भिंतीवर कागद लावावा. काय दिले, कोणी दिले, खाज किती, हे रोज एका ओळीत लिहावे. घरातल्या थोरांना विश्वासात घ्यावे. त्यांचा घास प्रेमाचा असतो, पण या आठ आठवड्यांत प्रेम दाखवायचे ते न देण्यातून.

खाज थांबली तरी चाचणी संपत नाही. सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी इथे येते : जुने अन्न पुन्हा देऊन पाहणे. ते दिल्यावर काही तासांपासून साधारण दोन आठवड्यांच्या आत खाज परतली आणि बंद केल्यावर पुन्हा गेली, तरच अन्न दोषी ठरते. परतली नाही, तर सुधारणा ऋतूमुळे किंवा गोचिडांच्या औषधामुळे झाली असावी. त्यानंतर दूध, गहू, कोंबडी एकेक करून देऊन नेमका गुन्हेगार शोधता येतो. ही पायरी गाळणारी घरे कुत्र्याला जन्मभर मोजक्या, अपुऱ्या आहारावर ठेवतात. ते धोक्याचे आहे. नुसत्या मांस-भातात कॅल्शियम फार कमी असते. निरोगी मोठ्या कुत्र्याचे आठ आठवडे निभतात, वर्षे निभत नाहीत. वाढत्या पिल्लांवर आणि गाभण कुत्रीवर हा प्रयोग पशुवैद्यकांच्या देखरेखीशिवाय करूच नये.

'धान्यमुक्त' खाद्याचीही सध्या हवा आहे. वरचे आकडे सांगतात की बहुतेक ॲलर्जी प्राणिज प्रथिनांच्या आहेत. धान्य सरसकट दोषी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली होती. कारण निश्चित ठरलेले नाही. पण जाहिरातीवर विसंबून धान्य सोडण्याचेही कारण नाही.

काही गोष्टी मात्र चाचणी असो वा नसो, कुत्र्याला देऊ नयेत. खान्देशी भरितात लसूण असतो, कांद्याची पात असते. शेवभाजीच्या रश्श्यात कांदा-लसूण वाटलेला असतो. हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. उरलेले भरीत पोळीवर घालून देणे ही माया नव्हे. द्राक्षे, मनुके आणि चॉकलेटही विषारी ठरू शकतात. खरजेवर गाडीचे जळके ऑइल चोपडण्याची रीत तर बंदच व्हायला हवी. कुत्रे ते चाटते आणि विष पोटात जाते. मेडिकलमधून माणसाचे स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावणेही तितकेच वाईट. याच मलमांच्या मनमानी वापराने देशात माणसांचा गजकर्ण चिवट होऊन बसला आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. असह्य खाजेत ते कुत्र्याला झोप देते आणि जाणत्या हातात ते हवेच. वाईट आहे ते निदानाशिवाय त्याची पुनरावृत्ती. त्याच्या आडोशाला खरूज पसरते आणि आहाराचा परिणाम दिसेनासा होतो.

इथे प्रश्न घराबाहेर येतो. ॲलर्जी संसर्गजन्य नाही. तिच्यामुळे कुत्र्याला घराबाहेर काढण्याचे काहीच कारण नाही. खरूज आणि गजकर्ण मात्र कुत्र्याकडून माणसांकडे येऊ शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत या दोहोंतला फरक कळणे कुत्र्याच्या हिताचे आहे आणि कुटुंबाच्याही. त्यासाठी लागते ते ब्लेडने घेतलेले त्वचेचे खरवड, काचपट्टी, तेलाचा थेंब आणि सूक्ष्मदर्शक. खरजेची किड पहिल्या खरवडीत निसटू शकते, तेव्हा ती पुन्हा करावी लागते. पण चाचणी स्वस्त आहे. जळगाव आणि धुळ्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गायी-म्हशी-शेळ्यांसाठी उभे आहेत, आणि शेतकऱ्यांच्या जिल्ह्यांत ते योग्यच आहे. तरीही खाजणाऱ्या कुत्र्याची खरवड तपासल्याशिवाय इंजेक्शन द्यायचे नाही, एवढा नियम पाळायला नवी इमारत लागत नाही. माणसांच्या दवाखान्यात घरातली तिघे-चौघे एकदम खाज घेऊन आली, तर 'घरी कुत्रे आहे का, त्याला खाज आहे का?' हा प्रश्नही विचारला जायला हवा.

कुत्र्याला आपली खाज सांगता येत नाही. ते फक्त रात्रभर पाय आपटते, आणि घरचे वैतागून त्याला बाहेर बांधतात. त्याला हायवेलगत सोडण्याच्या विचारापर्यंत येण्याआधी गोचिडांचा बंदोबस्त, एक खरवड आणि आठ आठवड्यांचे एक भांडे, इतके तरी त्याच्या वाट्याला यायला हवे.