कर भरतो कोण?



गेल्या रविवारी विहारातील बैठक आटोपली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी आमच्या वस्तीतील एक मावशी मागे थांबल्या. दोन घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुलांना शाळेत घातले, शिकवले. कुणापुढे रडगाणे गाणारी ही बाई नव्हे. पण त्या दिवशी चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशेबाचं शिकलेले म्हणून विचारते. आम्ही सरकारला काहीच देत नाही का हो?"

झाले होते असे. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी त्यांनी कामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. मालकीणबाई बोलून गेल्या, "तुमचं बरं आहे. शिष्यवृत्ती, रेशन, महिन्याला दीड हजार. कर भरायचा आम्ही आणि खायचं तुम्ही." मावशींनी भांडी घासली आणि मुकाट्याने घरी आल्या. मला म्हणाल्या, "खोटं आहे हे माहीत असतं तर तोंडावर बोलले असते. पण खरं काय तेच मला माहीत नाही."

मी बी.कॉम. झालेला कारकून. कचेरीत पगारपत्रके तयार करणे हा माझा रोजचा उद्योग. म्हटले, मावशी, बसा. हिशेबच मांडू.

त्यांच्या घरात दोन मोबाईल, प्रत्येकी २९९ रुपयांचे रिचार्ज. त्यावर जीएसटी १८ टक्के. म्हणजे दोन्ही मिळून ९१ रुपये कर. गॅसची टाकी ८५० रुपयांची धरली तर तिच्यात पाच टक्क्यांचे सुमारे ४० रुपये. तेल, साखर, चहापत्ती, अंगाचा साबण, दातांची पेस्ट असे दीड हजाराचे सामान; त्यावरही पाच टक्के, म्हणजे ७१ रुपये. साबण-पेस्टवर तर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. बेरीज केली, २०२ रुपये भरली. रिक्षाच्या भाड्यात आणि भाजीच्या दरात लपून येणारा पेट्रोल-डिझेलवरचा कर यात धरलेलाच नाही.

त्याच महिन्यात माझ्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला २०० रुपये. मी म्हटले, "मावशी, या कागदापुरते तुम्ही माझ्यापेक्षा दोन रुपये जास्तच भरलेत." मावशी पहिल्यांदा हसल्या. मग विचारले, "मग आमचं नाव कुठंच का नसतं?"

नाव नसते, कारण आयकर भरणाऱ्याला त्याचा कागद मिळतो. आपला कर दुकानाच्या पावतीत असतो, आणि पावती आपण मागत नाही. पण तिजोरीत गेलेल्या रुपयाला जात नसते आणि वर्गही नसतो. तेथे मावशींचा रुपया आणि कारखानदाराचा रुपया एकाच ढिगात पडतो.

मालकीणबाईंवर राग धरावा असेही मी म्हणणार नाही. त्यांच्या यजमानांचा पगार हातात पडण्याआधीच त्यातून कर कापला जातो. त्यांचाही जीव तुटतो. पण दोघींमध्ये जुंपली, की एक गोष्ट नजरेआड होते. खरी संपत्ती ना मावशींच्या पत्र्याच्या पेटीत आहे, ना मालकीणबाईंच्या बँकेच्या पुस्तकात. ती आणखी वरच्या मजल्यावर आहे, आणि तेथील हिशेब या भांडणात कोणी विचारतच नाही.

माझ्या व्यवसाय कराचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० मिळून वर्षाला २५०० रुपये भरावे लागतात. महिलांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे, ही चांगली गोष्ट. पण वरच्या टोकाला काय? वीस हजारांचा शिपाई वर्षाला २५०० भरतो आणि महिन्याला वीस लाख घेणारा मोठा साहेबही २५०० च भरतो. कारण घटनेच्या २७६ व्या कलमात या कराला कमाल मर्यादा आहे. ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० वरून २५०० केली, तेथेच ती आजही आहे. दर महिन्याला हा आकडा लिहिताना माझा हात थबकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्राचे, त्यातही सार्वजनिक वित्ताचे पंडित होते, हे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो आणि पुढे जातो. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली ती कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू, करशास्त्राचे नामवंत प्राध्यापक सेलिग्मन यांनी. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यातील अन्याय दाखवून दिला. आयकर भरणाऱ्याला उत्पन्न नसेल तर कर माफ. पण एवढासा तुकडा कसणाऱ्या शेतकऱ्याला पीक येवो न येवो, सारा भरावाच लागतो, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. ज्याची ऐपत जास्त त्याने भार जास्त उचलावा, हे त्यामागचे साधे तत्त्व. शंभर वर्षे होत आली, पण सवाल शिळा झालेला नाही.

आता राजकीय पक्षांकडे वळू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एप्रिल महिन्यात वारसा कराचे वादळ उठले, ते आठवत असेल. काँग्रेसचे परदेशातील प्रमुख सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा दाखला दिला. पंतप्रधानांनी सभांतून सांगितले की काँग्रेसवाले तुमची मेल्यानंतरची कमाईही काढून घेतील. काँग्रेसने घाईघाईने खुलासा केला, आमचा असा विचारच नाही. उलट हा कर राजीव गांधींच्या सरकारनेच रद्द केला होता. आमच्या चाळीतही दोन तरुणांची त्यावरून हातघाईची वेळ आली. एकाच्या गळ्यात एका पक्षाचा पट्टा, दुसऱ्याच्या गळ्यात दुसऱ्याचा. दोघांच्याही बापाच्या नावावर एक खोली आणि तीही झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीत अडकलेली! वारसा कर लागला काय, न लागला काय, यांचे काय जाणार होते?

इतिहास तपासला तर दोन्ही पक्षांचे हात एकाच कामात दिसतात. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील कर १९५३ साली आला. मोठ्या इस्टेटींवर तो ८५ टक्क्यांपर्यंत होता. १९८५ साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो काढला, तेव्हा राज्य काँग्रेसचे. संपत्ती कर १९५७ साली आला. २०१५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी तो काढला, तेव्हा राज्य भाजपचे. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, हा अंदाज सरकारचाच होता.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९८५ साली त्या करातून येत होते अवघे २० कोटींच्या आसपास. २०१३-१४ साली संपत्ती कराचे देशभरात मिळून १००८ कोटी जमले. वसुलीचा खर्च आणि कोर्टकचेऱ्या जास्त, पदरात थोडे, असे अर्थमंत्र्यांचे म्हणणे. त्याऐवजी जेटलींनी एक कोटीवर उत्पन्न असलेल्यांवर दोन टक्के अधिभार वाढवला, हेही खरे. धनिकांवर फार कर लावला तर भांडवल देश सोडून जाईल, कारखाने निघणार नाहीत, पोरांना काम मिळणार नाही, असेही सांगितले जाते. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. बेकार पोरे आपल्याच घरात आहेत. पण चाळणीत पाणी राहत नाही म्हणून विहीर बुजवायची का, की चाळणीच्या जागी हंडा आणायचा? करात पळवाटा ठेवायच्या आणि मग म्हणायचे की वसुली होत नाही, हे मला हिशेबनीस म्हणून पटत नाही.

मग गरिबांना देण्यासाठी पैसा येतो कोठून? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत लाडक्या बहिणीला एका आघाडीने १५०० चे २१०० करू म्हटले, दुसरीने ३००० देऊ म्हटले. देण्याच्या आकड्यात चढाओढ झाली. आणायचे कुणाकडून, हे कोणी बोलले नाही. जून २०२५ मध्ये राज्याने महसूल वाढवण्यासाठी दारूवरील शुल्क वाढवले, त्यात देशी दारूही आली. दारूची बाजू मी घेणार नाही. पण हिशेब बघा. नवऱ्याच्या खिशातून गेले आणि बायकोच्या खात्यात आले, तर त्या घराची गरिबी हटली कशी?

याच महाराष्ट्राने एकदा वेगळे करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. ज्याला शहरात नोकरी आहे, त्याने खेड्यातील बिनकामाच्या हाताला काम देण्यासाठी वाटा उचलायचा. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला, त्याला वाट दाखवली ती या योजनेने. माझ्या आईने ७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली. पुढे मी लहान असताना ती रोजगार हमीच्या नाला बंडिंगवर जात असे. मस्टरवर तिचा अंगठा आहे. त्या मजुरीतला एखादा रुपया शहरातील कुणा कारकुनाच्या पगारातून कापला गेला असेल. त्याला आई माहीत नव्हती, आईला तो माहीत नव्हता. पण ती मजुरी भीक नव्हती. आईने दगड फोडले होते.

म्हणून २०० रुपये भरायला माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वरच्या साहेबानेही २०० च भरण्याची.

बंधू-भगिनींनो, यापुढे मते मागायला जो येईल, मग झेंडा कोणताही असो, त्याला दोन प्रश्न विचारा. देणार किती ते सांगितलेत, आणणार कुणाकडून? आणि आमच्या तेल-साबणातून किती नेता, वरच्या मजल्यावरून किती, ते मांडून दाखवता का? दर महिन्याच्या किराण्याची पावती जपून ठेवा. घरातील शाळकरी मुलांना त्यातला कर काढायला लावा. गणितही पक्के होईल आणि मानही ताठ होईल.

मावशी तो कागद घडी करून घेऊन गेल्या. सोमवारी मालकीणबाईंशी काय बोलल्या, ते मी विचारले नाही. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली, मुलीचे कागद जमा झाले. आणि पुढच्या बैठकीत त्या कागदाच्या दहा नकला काढून आणा, वस्तीतल्या बाकीच्या बायकांना द्यायच्या आहेत, असा मला त्यांचा निरोप आला आहे.