वणवा विझतो, धूर छातीत राहतो

आपल्याकडे वणवा बहुतेक वेळा माणूसच लावतो. पण तो किती भडकेल, हे तापलेली हवा ठरवते. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प सामावू शकते. पाऊस नसला की ती गवत-पाल्यातला ओलावा ओढून घेते. म्हणूनच उत्तरेकडची थंड जंगलेही आता पेटतात. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. धूर न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला. नांदगावच्या डोंगरांवरील वाळलेल्या गवताचे गणितही हेच. धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात; दमेकरी, गर्भवती, मुले आणि वृद्धांना त्याचा धोका अधिक. ‘जाळले की गवत चांगले येते’ हा समज आता सोडलाच पाहिजे. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणे हे केवळ वनखात्याचे नव्हे, गावाच्या आरोग्याचेही काम आहे.