गाडी नसलेल्याचाही पेट्रोल-कर

कच्चे तेल महागले म्हणून पेट्रोल महागले, असे आपल्याला सांगितले जाते. मग तेल स्वस्त झाले तेव्हा काय झाले? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळले. त्याच मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचा १३ रुपयांनी वाढवला. स्वस्ताई तिजोरीत गेली. पुढे तेल चढले, मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. ती महागाई मात्र आपल्या वाट्याला आली. डिझेल वाढले की भाजीच्या टेम्पोचे भाडे वाढते. ज्याच्या दारात सायकलही नाही, तोही हा कर भाजीतून भरतो. आयकर कमाई पाहून लागतो. हा कर हमाल आणि कारखानदार यांत फरक करत नाही. भाव बाजारावर सोडलाच आहे, तर तो उतरतानाही सोडावा. एवढेच मागणे आहे.