ग्राफिक्स कार्ड भारी, पण एसएमपीएसचं काय?

रात्रीचा दीड वाजलेला. नांदेडमधली माझी रूम. गेम ऐन रंगात आलेला आणि ‘फट्’ असा आवाज. स्क्रीन काळी. मग जळका वास. रूम पार्टनर झोपेतून उठून म्हणाला, "काय जाळलास बे?"

जळला होता एसएमपीएस. जाता जाता मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला. ग्राफिक्स कार्ड तेवढं वाचलं. पप्पांनी लातूरच्या आडतीवर सोयाबीन घातलं, त्या पैशांतून ते कार्ड आलं होतं. "व्हिडिओ एडिटिंगला लागतं," असं मी सांगितलेलं. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

कार्ड घेताना दुकानदार म्हणाला होता, "चालतंय भाऊ, साडेचारशे वॅटचा आहे, काही होत नाही." कॅबिनेटसोबत फुकट आलेला तो जुना डबा. त्याला कार्डाची वायरच नव्हती, म्हणून कन्व्हर्टर लावून दिला. मीही मान डोलावली. दुकानदाराला एकट्याला दोष देऊन कसं चालेल?

आपण सगळे बजेट उलट्या क्रमाने लावतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी कार्ड, मग रंगीत लाइटवाले फॅन, आणि उरलेच तर एसएमपीएसला. खरं तर कार्ड कोणतं घ्यायचं हे ठरलं, की पुढचा रुपया एसएमपीएसचा हवा.

हिशेब दहावीच्या सायन्सचाच आहे. आरटीएक्स ४०६० कार्डाला ११५ वॅट लागतात, रायझन ५ ५६०० प्रोसेसरला साधारण ६५. म्हणजे १८० झाले. ही वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवरून जाते. जळालेल्या डब्याचं स्टिकर मी नंतर वाचलं: १२ व्होल्ट, १६ अॅम्पिअर. गुणाकार करा, १९२ वॅट. बाहेर मोठ्या अक्षरात ४५०! फॅन, हार्डडिस्क आणि गेममध्ये अचानक वाढणारा लोड धरला, तर उरलं काय? चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच लाइनला ४५ अॅम्पिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे ५४० वॅट. या कार्डासाठी कंपनीही ५५० वॅटचाच सल्ला देते. उगाच ८५० वॅटचा घ्यायचीही गरज नाही.

‘८० प्लस’चा शिक्का बघाच, पण तो फक्त किती वीज वाया जात नाही ते सांगतो. शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज यांपासून संरक्षण आहे का, ते वेगळं विचारा. रेटिंग किती तापमानाला दिलंय तेही बघा. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांचं देतात. आपल्याकडचा मे महिना आठवा, म्हणजे कारण कळेल.

आणखी एक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना? भाड्याच्या कितीतरी रूममध्ये तिसऱ्या पिनला अर्थिंगच नसतं. आधी घरमालकाला सांगून ते करून घ्या. इथे पार्टचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

"एवढे पैसे आणायचे कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: कार्ड एक नंबर खालचं घ्या. ग्राफिक्स थोडे कमी दिसतील, बाकी काही बिघडत नाही. चांगल्या एसएमपीएसला बऱ्याचदा पाच वर्षांची वॉरंटी असते. पुढचं कार्डही त्याच्यावरच चालेल. पार्ट लातुरात घ्या, पुण्यात घ्या, नाहीतर गाडीत बसून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जा. पक्कं बिल मात्र सोडू नका. बिलाशिवाय स्वस्त मिळालं, तर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसाल.

शेवटी पप्पांना फोन करून सगळं खरं सांगितलं. गेमचंही. शिव्या बसतील वाटलं होतं. ते थोडं थांबून म्हणाले, "आपल्या विहिरीवरच्या मोटारीचंही असंच असतंय. वायर हलकी घातली की मोटार जळती. आधी विचारायचं की रे."

खरंच, आधी विचारायला हवं होतं.