तकदीरच्या नावावर किती जहाजे बुडवणार?

समुद्रात दोन जहाजे धडकली की आपल्याकडे पहिला शब्द निघतो, ‘तकदीर’. माझा आक्षेप तकदीरवर नाही, तिच्याआड लपण्यावर आहे.

टक्कर अचानक होत नाही. समोरचे जहाज होकायंत्रावर ज्या दिशेला दिसते ती दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र घटत असेल, तर धोका पक्का समजा. खलाशांचा हा जुना ठोकताळा म्हणजे निव्वळ भूमिती. 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तो आहे.

25 जुलै 1956च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ ‘आंद्रेया दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ धडकली. 51 माणसे गेली. धुके होते, पण रडार दोन्ही जहाजांवर होते. दोघांची गती मिळून ताशी सुमारे 40 सागरी मैल. म्हणजे 10 मैल अंतर असताना हातात 15 मिनिटे. तरी ‘आंद्रेया दोरिया’वर रडारवरच्या ठिपक्याची कागदावर आखणीच केली नाही. शेवटी एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे. याला तकदीर म्हणायचे? आणि 7 ऑगस्ट 2010ला मुंबई बंदराबाहेर दिवसाउजेडी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ धडकली, तेल किनाऱ्याला लागले, त्याला काय म्हणायचे?

काहीजण म्हणतात, आता संगणक सगळे करतो. दोन जहाजे किती जवळून आणि किती मिनिटांनी जातील, हे तो सांगतो, खरे आहे. पण माहिती अपुरी असेल तर उत्तरही अपुरे. तुटपुंज्या रडार-माहितीवरून अंदाज बांधू नका, असे तेच नियम बजावतात. वळायचे तर वेळेवर आणि समोरच्याला दिसेल इतके ठळक वळा, हेही सांगतात. तो निर्णय माणसाचाच.

मी भाषेचा शिक्षक. तरी हे लिहितो, कारण कोकणातल्या आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या मुले जहाजावर गेली, आणि आजही बिनदिक्कत म्हटले जाते, ‘गणित जमत नाही ना? जहाजावर पाठवा.’ अहो, ब्रिजवर उभे राहायचे तर आधी गणितच लागते! डेकवरच्या कामात कमीपणा नाही, पण आपल्या मुलांनी तिथेच थांबावे हे कोणी ठरवले?

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. समुद्रावर उंट बांधणे म्हणजे दिशा मोजणे, आखणी करणे, वेळेत वळणे. उर्दू शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, त्रिकोण शिकवाल तेव्हा फळ्यावर ही दोन जहाजे काढा.