इलेक्ट्रिक पार्ट परत घेतला जाणार नाही

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरच्या मागे ही पाटी हमखास असते. कामोठ्यात असते, पनवेलला असते, कुर्ल्यातही असते. पाऊस पडतो तशी ती आपण मान्य करून टाकली आहे. माझं म्हणणं असं की मान्य करू नये, आणि का ते जुन्या मोटरसायकलच्या इग्निशन कॉइलवरून नीट समजतं.

कामोठ्यात एमएच 06 नंबरच्या जुन्या गाड्या अजून दिसतात. आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. या दोन्ही गाड्या चकचकीत ठेवणारे शौकीन आहेतच. पण पंधरा-वीस वर्षांची स्प्लेंडर चालवणारा माणूस शौक म्हणून चालवत नाही. कळंबोलीच्या स्टील मार्केटला किंवा पार्सल पोहोचवायला तो तिच्यावरच जातो. रात्री सायन-पनवेल हायवेवर गाडी मिस मारून बंद पडली की दुसऱ्या दिवसाचा खाडा ठरलेला.

गाडी बंद पडली की पहिला संशय कॉइलवर येतो. बऱ्याचदा ती निर्दोष असते. जुन्या गाडीत कॉइलचं अर्थिंग अनेकदा तिच्याच बोल्टमधून चेसिसला जातं. तिथे गंज किंवा रंग बसला तर करंट अडतो. प्लग कॅप आणि जाड वायर आधी बघावी, त्या कॉइलपेक्षा खूप स्वस्त असतात. गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, असं असेल तर मात्र कॉइलवर संशय घ्यायला जागा आहे. पावसाळ्यात त्रास वाढत असेल तर अंधारात गाडी चालू ठेवून कॉइलवर पाण्याचा हलका फवारा मारा. तडा असेल तर निळ्या ठिणग्या बाहेर पळताना दिसतात.

आता नवी कॉइल निवडायची. इथे दुकानदार सहसा आकार आणि बोल्टची भोकं जुळवून देतो. ते पुरेसं नाही. जुन्या बुलेटला, येझदीला पॉइंट असतात. आरएक्स किंवा स्प्लेंडरला सीडीआय. पॉइंटच्या 12 व्होल्ट कॉइलच्या आतल्या वायंडिंगचा रोध साधारण 3 ते 5 ओहम असतो, सीडीआयच्या कॉइलचा बहुधा एकाहून कमी. सीडीआयची कॉइल पॉइंटवर लावली तर बाराहून जास्त अँपिअर ओढले जातील: पॉइंट जळतील, कॉइल भाजेल. उलटं केलं तर ठिणगी फिकी. येझदीला, जुन्या बुलेटला 6 व्होल्ट की 12 हेही विचारायलाच हवं. दिसायला दोन्ही काळे ठोकळेच, वर कुठल्या तरी कंपनीचं स्टिकर.

आणि मुद्दा इथेच आहे. या मालाचं ऐब डोळ्याला दिसत नाही. मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपल्यातल्या बहुतेकांनी जुम्म्याच्या बयानात ऐकलेला असतो: पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. त्यांनी ओलं धान्य विकायला मनाई केली नाही, लपवायला केली. फिक्हमध्ये यालाच धरून ‘खियार-ए-ऐब’ आहे. मालात आधीपासूनचा छुपा दोष निघाला तर तो ठेवायचा की परत करायचा, हे घेणारा ठरवतो.

देशाचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. पण आपणच बिल मागत नाही, ‘भाई, चांगली दे’ एवढ्यावर भागवतो.

दुकानदाराची तक्रार खोटी नाही. चुकीच्या गाडीला लावून जाळलेली कॉइल ‘खराब निघाली’ म्हणून परत आणणारे असतात. घेणाऱ्याच्या हातून नवा बिघाड झाला तर परतीचा हक्क तसाच राहत नाही, हे फिक्हही मानतं. मग भांडण मिटवणारी वस्तू दोघांच्या मध्ये ठेवावी: मल्टिमीटर. काउंटरवर ग्राहकासमोर दोन्ही वायंडिंग मोजावीत, आकडे बिलावर लिहावेत, कॉइल पॉइंटची की सीडीआयची तेही लिहावं. गरम झाल्यावर तुटणारं वायंडिंग मीटर थंडीत पकडत नाही, म्हणून सात दिवसांची मुदत द्यावी. पाटीपेक्षा हे कमी सोयीचं आहे, मान्य.

राहिला प्रश्न भंगारातून काढलेल्या ओरिजिनल कॉइलचा. बिननावाच्या नव्या कॉइलपेक्षा मी तीच घेईन, मोजून आणि गाडीवर तासभर चालवून. मात्र विकणाऱ्याने ती वापरलेली आहे हे सांगितलं पाहिजे. पेट्रोलने धुऊन, काळा रंग मारून, नव्या डब्यात घातलेली कॉइल म्हणजे तीच ओली रास. आणि ती बसवणारा मेकॅनिक कमिशन घेऊन गप्प राहिला असेल, तर त्या राशीत त्याचाही वाटा आहे.