या वयात गाठीची तपासणी कशाला?

सत्तरी ओलांडलेल्या आईच्या मोठ्या आतड्यातील गाठ शस्त्रक्रियेने काढली जाते आणि कर्करोगाचे निदान पक्के होते. मग डॉक्टर त्या गाठीच्या आणखी एका तपासणीविषयी बोलतात, तेव्हा घरातील कोणीतरी हमखास विचारते, ‘या वयात आता ती कशाला?’ खर्चाचा विचार करता प्रश्न गैर नाही. पण त्याचे उत्तर केवळ वयावर सोडता येत नाही.

पेशीचे विभाजन होताना जनुकीय मजकुराची नक्कल होते आणि तीत काही चुका राहतात. त्या सुधारण्याच्या कामात एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही चार प्रथिने महत्त्वाची असतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या जनुकात जन्मजात दोष असल्यास त्यास ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ३ जणांत तो आढळतो. असा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते आणि त्यामुळे गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो.

तपासणी कोणाची करावी, यासाठी २००४ च्या सुधारित बेथेस्डा निकषांत पन्नाशीच्या आतील निदान, एकाच व्यक्तीस झालेले एकाहून अधिक संबंधित कर्करोग आणि नातलगांतील कर्करोग यांना महत्त्व दिले गेले. काही तज्ज्ञांनी सरसकट तपासणीसाठी सत्तरीची मर्यादा सुचवली. त्यामागे कारण होते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत आणि आतड्याच्या उजव्या भागातील गाठींत, एमएलएच-१ चे जनुक गाठीपुरतेच निष्क्रिय झालेले असते. हा दोष वारशाने आलेला नसतो. म्हणून हे प्रथिन गाठीत आढळले नाही, तर पुढची पायरी म्हणून ‘बीआरएएफ’ जनुकातील विशिष्ट बदल किंवा एमएलएच-१ चे मिथिलीकरण तपासतात. यांपैकी काही आढळल्यास आनुवंशिकतेची शक्यता फारच कमी होते.

याउलट एमएसएच-६ आणि पीएमएस-२ यांच्या जन्मजात दोषांत कर्करोग बऱ्याचदा उशिरा होतो. वयाची रेषा आखली, तर नेमकी अशी कुटुंबे निसटतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ मध्ये वयाची अट न ठेवता सर्वच नव्या रुग्णांच्या गाठींची तपासणी सुचवली, ती यामुळेच.

या तपासणीचा लाभ रुग्णासही होतो. आजार पसरलेला असेल आणि गाठीत हा दुरुस्तीदोष असेल, तर दोष वारशाचा असो वा नसो, इम्युनोथेरपीचा पर्याय खुला होतो.

तेव्हा वाचकहो, घरातील ज्येष्ठांना हा आजार झाल्यास डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. चारही प्रथिनांची तपासणी झाली आहे का? त्यांतील एखादे नसल्यास पुढची पायरी कोणती? रक्ताची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन हवे का? आजी-आजोबा, मामा, आत्या, भावंडे यांपैकी कोणास, कोणत्या वयी, कोणता कर्करोग झाला होता, याची नोंदही सोबत न्यावी. शस्त्रक्रिया होऊन गेली असली, तरी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यावरून ही तपासणी बहुधा करता येते.

दोष वारशाचा ठरलाच, तर मुलांची रक्ततपासणी करता येते. ज्यांच्यात तो असेल, त्यांनी ठरावीक वयापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेतल्यास कर्करोग टाळता येतो किंवा लवकर सापडतो. ज्यांच्यात तो नसेल, त्यांची ती चिंता मिटते. आईच्या गाठीने दिलेली ही माहिती तिच्या वयामुळे वाया जाऊ देऊ नये.